एका ताटाला दोन पोती तांदूळ

पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो मी. कोल्हापूर-मलकापूर लाईनला. गाडीत सत्तर माणसं कोंबलेली असली तरी शेवटच्या सीटवर झोपेचं सोंग घेतलेला बिनतिकिटाचा पावणा मला पुढनं दिसायचा. मी ठरवलं की ठरवलं आणि धरलं की धरलं. अशा मी मागच्या महिन्यात ठरवलं, की हितनं पुढं सगळं नैसर्गिक खायचं, आणि तेबी पेन्शनीत बसवून. तुम्ही म्हणाल, ह्यात काय मोठं? मोठं असं, की ह्या एका निर्णयानं आठ दिवसांत माझ्या पोराचं लग्न ठरलं. पोराला न विचारता, आणि पोरगीबी नसताना.

झालं असं. डॉक्टरनं माझा रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "मास्तर, दिवसभर खातासा काय?"

म्हटलं, सकाळी चहा-खारी, दुपारी चहा-बटर, रात्री भात. भात उरला की दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात. माझ्या पोराची, संग्रामची आई जाऊन दोन वर्षं झाली. एकट्यासाठी गॅस पेटवायचा कंटाळा येतो ओ. भाजी करावी तर ती तीन दिवस सरत न्हाय. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडं बघत बसते आणि मी तिच्याकडं.

डॉक्टरनं पॉलिशचा तांदूळ, पिशवीतलं तेल आणि पांढरी साखर, तिन्हीवर फुली मारली. मी संग्रामला फोन केला. तो पुण्यात कंपनीत हाय.

"आप्पा, नॅचरल खावा," तो म्हणाला. "मी येतो, बघतो एकदा."

हे 'बघतो एकदा' दीड वर्षं चाललंय. तो आला न्हाय, पर मोबाईलवर एका दुकानाची यादी आली. तांदळाची एवढीशी पिशवी आणि वर रिबीन बांधलेली. भाव बघून मला वाटलं, तांदळाबरोबर शेतबी नावावर करून देत असतील.

मग मला आण्णा आठवला. माझ्या गाडीचा ड्रायव्हर. बावीस वर्षं तो पुढं आणि मी मागं. आता शाहूवाडीत भाताची शेती करतोय.

"बिनपॉलिशचा तांदूळ, घाण्याचं तेल, काळा गूळ, सगळं देतो," आण्णा म्हणाला. "दुकानाच्या निम्म्या भावात. पर सुटं न्हाय. पोत्यानं घ्यावं लागंल."

"आण्णा, मी एकटा हाय."

"मग काय एक-एक दाणा पाठवू?"

तवा मला कळलं, की नैसर्गिक खाणं स्वस्तात पडतं, पर ते दहा माणसांच्या, खटल्याच्या घराला. एकट्या माणसाला रिबीनच. पर ठरवलं म्हणजे ठरवलं. म्हटलं, पाठव.

माल दुधाच्या टेम्पोतनं आला. टेम्पो आमच्या गल्लीत शिरत न्हाय, त्यामुळं हमालानं एक-एक नग पाठीवरनं माझ्या दारापर्यंत आणला. तांदळाची दोन पोती, तेलाचा मोठा डबा, गुळाच्या तीन ढेपा. मी पुढं हात करून 'डावीकडनं घ्या, सांभाळून' म्हणत चाललोय. लई दिवसांनी कुणीतरी माझ्या सांगण्यावर चालत होतं, म्हणून आवाज जरा मोठाच लागला. गल्लीतली एक-एक खिडकी उघडत गेली.

पोतं सोडलं तर काय, मूठभर तांदळात पाच खडं आणि चार साळी. निसर्गानं हातचं काय म्हणून राखलं न्हवतं. मी चष्मा लावून ताटात तांदूळ घेऊन बसलो. दोन तासांत तांब्याभर निवडून झाला. त्या हिशोबानं दोन पोती निवडंपर्यंत माझी सत्तरी आली असती.

दुसऱ्या दिवशी दारात शेजारच्या चिमणाबाई उभ्या. हातात त्यांचं स्वतःचं सूप. संग्रामच्या आईची जोडीदारीण ही. ती असताना ह्या बाईचा अर्धा दिवस आमच्या स्वयंपाकघरात जायचा. ती गेली, आणि एकट्या बाप्याच्या घरात बायामाणसानं कशाला जायचं म्हणून दोन वर्षं उंबरा ओलांडला न्हवता.

"सरका मास्तर, हे तुमचं काम न्हवं," म्हणत त्या खाली बसल्या आणि सूप हलवायला लागल्या. "कवा हाय मग?"

"काय कवा?"

"पोराचं ठरलं न्हवं? लपवतासा कशाला?"

"अवो वैनी, कुणाचं काय ठरलं न्हाय. हे माझ्या एकट्याच्या खाण्याचं हाय."

चिमणाबाईंनी पोत्यांकडं बघितलं, ढेपांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "व्हय व्हय," त्या म्हणाल्या. "सुपारी फुटंपर्यंत असंच म्हणायचं असतंय."

आता ही आमच्याकडची रीत हाय. लग्नाची सुपारी फुटल्याशिवाय घरचा माणूस कबूल होत न्हाय. नजर लागते, सोयरीक मोडते. त्यामुळं जो 'न्हाय' म्हणतो त्येच्या घरात लग्न हाय, असं सगळे धरून चालतात. मी जितक्या वेळा न्हाय म्हटलं, तितकं ते लग्न पक्कं होत गेलं.

तिसऱ्या दिवशी पाच बाया आल्या, पाच सुपं घेऊन. लग्नघराचा तांदूळ निवडायला बोलवावं लागत न्हाय. पुढच्या सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत बसल्या. मी सगळ्यांना गुळाचा चहा केला आणि तो नासला. चिमणाबाईंची सून स्नेहल उठून आत आली. "मामा, पातेलं खाली उतरवायचं, गूळ घालायचा, मग दूध. उकळीत दोन्ही घातलं की फाटतंय," असं सांगून तिनं दुसरा चहा टाकला. आमच्या गॅसचे दोन्ही बर्नर एका वेळी पेटलेले मी दोन वर्षांनी बघितले.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. सुपांचा आवाज, बांगड्यांचा आवाज, कुणाची सासू कशी आणि कुणाचा जावई कसा. दोन वर्षांत माझ्या घरात माझ्या खोकल्याशिवाय दुसरा आवाज न्हवता. पस्तीस वर्षं 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणण्यात गेली, आणि रिटायर झाल्यावर कळलं की आता सरका म्हणायला पुढं कुणीच न्हाय. जेवायला बसलो की मी चमच्यानं ताटावर दोनदा टण-टण करतो. गाडी सुटली, असं. सवय हाय.

चौथ्या दिवशी मी 'न्हाय' म्हणायचं बंद केलं. 'व्हय' म्हणालो न्हाय, हे मात्र ध्यानात घ्या. नुसता हसायचो.

पर पाचव्या दिवशी चिमणाबाई अडून बसल्या. "पोरगी कुठली ते तरी सांगा. आम्ही काय परकी हाय? सांगत नसला तर चाललो बघा." आणि त्यांनी मांडीवरचं सूप उचललं.

मी त्या उचललेल्या सुपाकडं बघितलं आणि तोंडातनं निघून गेलं, "शिरोळची."

शिरोळ मी विचार करून सांगितलं, असं समजू नका. आमची गाडी सगळी उमर पश्चिमेला पळाली. शिरोळ पडलं पार पूर्वेला. तिकडचं मला कुणी ओळखत न्हाय, एवढंच डोक्यात होतं.

"अगंबाई," स्नेहल म्हणाली, "शिरोळ तर माझं माहेर की."

तिनं जाग्यावरनं आईला फोन लावला. संध्याकाळपर्यंत शिरोळात तीन घरांत चौकशी झाली. तिन्ही घरांत लग्नाच्या पोरी, आणि तिन्ही घरांनी 'आमचं कोल्हापुरात काय न्हाय' म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमच्या सोप्यात वाद सुरू झाला, की ह्या तिघींतली नक्की कुठली. दोघी बाया एकीकडं, तिघी दुसरीकडं. मी मधी चहा देत फिरत होतो.

दुपारी संग्रामचा फोन.

"आप्पा, माझं लग्न ठरलंय म्हणं."

"कोण म्हणतंय?"

"गल्लीच्या ग्रुपवर सकाळपासनं अभिनंदन चाललंय. हार काय, फुलं काय. पोरगी शिरोळची म्हणं."

"मग तू काय लिहिलंस?"

"असं काय न्हाय म्हणून लिहिलं."

"झालं," मी म्हटलं. "मग आता पक्कं."

जो पोरगा दीड वर्षं 'बघतो एकदा' म्हणत होता, तो दुसऱ्या दिवशी पुण्याच्या पहिल्या गाडीनं दारात. आत पाच बाया दुसऱ्या पोत्याच्या तळाला आलेल्या. त्येला बघून चिमणाबाई म्हणाल्या, "आला बघा नवरदेव." तो माझ्याकडं बघत दारातच उभा राहिला.

मग मला सांगावंच लागलं. शिरोळ न्हाय, पोरगी न्हाय, सुपारी न्हाय. डॉक्टरनं सांगितलं म्हणून मी एकट्यानं खायला आणलं होतं. आण्णा सुटं देत न्हाय म्हणून दोन पोती आली.

सुपं थांबली. चिमणाबाईंचा चेहरा उतरला. इतके दिवस त्यांनी घरची कामं टाकून माझ्या दारात मान मोडली होती. मला त्यांच्याकडं बघवेना.

"आप्पा," संग्राम हळू म्हणाला, "मग आधीच धड सांगायचं की. असं का केलासा?"

मी खाली बघितलं. "तांदळात खडं लई होतं रं," मी म्हटलं. "एकट्याला निवडून होईना."

संग्राम बूट न काढताच उंबऱ्यावर बसला. त्येची नजर भिंतीवरच्या आईच्या फोटोवर गेली.

शेवटी चिमणाबाईंनी सूप झाडलं. "मास्तर, तुमी बी खुळंच हायसा. खडं निवडाय बोलवलं असतं तर आलो नसतो काय? त्येला लग्न कशाला पाहिजे?" मग त्या उठल्या आणि पदर खोचला. "बरं, आता लग्नाच्या नावानं निवडलेला तांदूळ पोत्यात परत बांधत न्हाईत. शिजवाय लागतोय. स्नेहल, गल्लीच्या तालमीतली मोठी भांडी मागव."

ही रीत मी जन्मात ऐकली न्हवती. बहुतेक ती त्या मिनिटालाच निघाली. पर कोण बोलणार?

दुपारी गल्ली जेवली. आमची जेवली, मागची जेवली, तालमीची पोरं दोनदा जेवली. भात, आमटी आणि काळ्या गुळाची खीर. दारात ही गर्दी. आणि मी सोप्यात उभा राहून, रिटायर झाल्यापासनं लागला न्हवता असा आवाज लावला, "पुढं सरका, पुढं सरका, आत जागा हाय." पंगत बसली. मी पळीनं पातेल्यावर दोनदा टण-टण केलं आणि सगळ्यांनी पहिला घास घेतला. संग्राम वाढत होता. वाढता वाढता माझ्यापाशी थांबून म्हणाला, "आप्पा, पुढच्या महिन्यात येतो." बघतो म्हणाला न्हाय, येतो म्हणाला.

उरलेला तांदूळ निवडणाऱ्या बायकांना सूप-सूपभर वाटायचा, अशी आणखी एक रीत संध्याकाळी निघाली. माझं वर्षाचं नैसर्गिक खाणं एका दिवसात उरकलं. सोमवारी सकाळी संग्राम गेला आणि सुपंबी आपापल्या घरी गेली.

आता घरात गुळाचा एक तुकडा हाय, तळाला थोडं तेल हाय, आणि डबाभर तांदूळ. तांदूळ एकदम स्वच्छ. मी रोज दुपारी ताटात घेऊन दारात बसतो, पर त्यात खडा म्हणून सापडत न्हाय. चिमणाबाई जाता-येता बघतात. "मास्तर, जेवलासा?" विचारतात. मी व्हय म्हणतो आणि त्या पुढं जातात. निवडायचं काय उरलंच न्हाय, तर त्यांनी तरी कशासाठी थांबायचं.

काल आण्णाला फोन केला. म्हटलं, दोन पोती तांदूळ पाठव.

"एवढ्यात संपला?" आण्णा म्हणाला. "बरं झालं सांगितलंस. आता गावात मशीन आलंय. ह्या खेपेला पार साफ करून पाठवतो, एक खडा सापडणार न्हाय."

"नगं रं आण्णा," मी म्हटलं. "खडं असूंदेत. जमलं तर मूठभर वरनं टाक."