चेतन पाण्यासारखा झाला

सुरतेच्या गोडादऱ्यातलं कोणतंही बिघडलेलं पोरगं आपण आठवड्यात सरळ करू, असं भाईदास छातीठोकपणे सांगायचा. हिंदी व्हिडिओ बघून बघून त्याने अडीच हजार वर्षांपूर्वीचं चिनी तत्त्वज्ञान पचवलं होतं. पहिलं गिऱ्हाईक घरातच मिळालं : बहीण सुषमाचा चेतन. भांडून भांडून पांडेसऱ्यातल्या तीन कापडाच्या लूमखात्यांतून बाहेर पडलेला. आता मामाच्याच मशीनवर, मामाची रातपाळी संपली की याची दिवसपाळी. शेठनं बजावलं होतं, एक खाडा झाला की कायमचं घरी.

“चेतन, पाणी कसं असतं?”

“टँकरचं का नळाचं?”

“कोणतंबी. ते दगडाशी भांडतं का? बाजूनं निघून जातं. जोर लावू नको. काही न करता सगळं होतं.”

“काहीच नाही करायचं?”

“हेच तर ज्ञान आहे.”

चेतनच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, की भाईदासला आपल्यासाठी हार कुठून येतील याची चिंता लागली.

दुसऱ्या सकाळी चेतन पाळीवर आलाच नाही. बदली कारीगर आल्याशिवाय चालू मशीन सोडायचं नाही, हा लूमचा धर्म. भाईदास तुटलेले धागे जोडत राहिला. शेठ डोकावला तेव्हा “पोरगं आत्ताच चहाला गेलं” अशी थाप मारली. दुपारपर्यंत त्याचं डोकंही मशीनच्या तालावर हलू लागलं. शेवटी शेजारच्या छगनला “लघवीला जाऊन येतो, तेवढं बघ” सांगून त्याने थेट बहिणीचं घर गाठलं.

चेतन खाटेवर पसरला होता.

“दादा, सकाळपासून कोणाशी भांडला नाही,” सुषमा कौतुकानं म्हणाली.

भाईदासने ओरडायला तोंड उघडलं.

“जोर नका लावू, मामा,” चेतन म्हणाला.

जोर उरलाच नव्हता. भाच्याला सरकवून भाईदास शेजारी आडवा झाला.

चेतन दचकला. “मशीनवर कोण आहे?”

“छगन.”

“आणि तुम्ही?”

“मी लघवीला गेलोय,” एवढं सांगून मामा घोरू लागला.

चेतनने क्षणभर पाण्यासारखं राहून पाहिलं. मग अनवाणीच धावत सुटला.

संध्याकाळी भाईदासला जाग आली, तेव्हा चेतन उशाशी बसला होता. केसांत सूत अडकलेलं.

“शेठ म्हणे, पोरगं चहा पिऊन निदान परत तरी आलं. कामावरून तुम्हालाच काढत होते. मी हातपाय जोडले. आता शेठ स्वतः मशीनवर उभे राहून मला पाठवलंय, तुम्हाला आणायला.” त्याने मामाच्या कपाळावर हात ठेवला. “तुम्ही असे नव्हते, मामा. खरं सांगा, कोणाच्या नादी लागले?”

सुषमा ऐकत नाही ना, हे भाईदासने मान वळवून बघितलं.

“चिनी लोकं आहेत,” तो खालच्या आवाजात म्हणाला.

चेतनने बाह्या सरसावल्या.

“पांडेसऱ्यात राहतात का?”