खाऱ्या पाण्यातला लोकरी मावा

कोल्हापुरापासून समुद्र लांब आहे, हे आता मला कुणी सांगू नये. मी तो घरी आणलाय. पुढच्या सोप्यात, बैठकीच्या जागेत, चार फुटी काचेची टाकी, मुंबईहून खास मीठ, नारिंगी पट्टेवाल्या माशांची जोडी आणि समुद्रातले खरेखुरे दगड. त्या दगडांच्या भोकाभोकांत जीव दडलेले असतात.

"त्यातनं जे बाहेर येईल ते मी बघताक्षणी ओळखणार," मी बायकोला, प्रियदर्शनीला, छातीठोक सांगितलं.

"आधी मासे का जेवत न्हाईत ते ओळखा," ती म्हणाली.

खरी बोंब तिथंच होती. आल्यापासून मासे महागडं खाद्य तोंडात घ्यायचे आणि थुंकून टाकायचे. असंच चाललं तर जगणार नाहीत, असं मासेवाल्या दुकानदारानं फोनवर सांगितलेलं.

दगड मात्र रोज नवीन काहीतरी दाखवायचे. अंगभर केस असलेली गुलाबी अळी निघाली. मी पुस्तक चाळून म्हटलं, "निरुपद्रवी." मग काचेवर तपकिरी थर आला.

"तांबेरा हाय, पावणं, उसाच्या पानावर पडतो त्यो," सासरे म्हणाले. सासरे म्हणजे हंबीरराव. डोळे तपासायला कागलहून आलेले, आणि सारा जन्म उसात गेलेला.

"शेवाळ आहे, मामा. नव्या टाकीत येतंच," मी हसून म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दगडाच्या पोटाला पांढरंशुभ्र, कापसागत काहीतरी दिसलं. पुस्तकात सापडेना. सायबर कॅफेत तासभर बसलो, तरी कळेना. सासऱ्यांनी काचेला नाक लावलं आणि झटकन मागं सरकले.

"लोकरी मावा."

त्या साली लोकरी माव्यानं, ह्या पांढऱ्या किडीनं, उसाची पार दैना केलती. पानं पांढरी पडायची, रस आटायचा. सासऱ्यांचा निम्मा फड त्यातच गेलेला.

"मामा, मिठाच्या पाण्यात मावा कसा येईल?"

"मग तुमीच सांगा काय हाय ते."

आता आली का पंचाईत!

"माझ्याच धोतरातनं आलाय," सासरे बारीक आवाजात म्हणाले. "लेकीच्या घरात मी रोग आणला." त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. घरात उपाशी आता तीन जण, दोन मासे आणि एक सासरे.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या दुकानात असताना बायकोचा फोन आला. "लवकर या. आबा कागलला जाऊन आल्यात आणि टाकीत कायतरी टाकायला लागल्यात."

फवारणीचं औषध! मी स्कूटर कशी हाणली ते माझं मला ठाऊक. घरात शिरतोय तर सासरे स्टुलावर चढून टाकीवर उसाची पानं झटकतायत.

"मामा, काय टाकलं?"

"घाबरू नका. मित्रकिडं हायत. माव्याला खात्यात. रानातनं आणलं."

पाण्यावर अळ्याच अळ्या. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मासे वर आले. एक अळी गट्टम. दुसरी गट्टम. पंगतीला बसल्यागत दोघं तुटून पडले. मला रडूच यायला लागलं.

सासरे मात्र हबकले. "अवो, ह्यांनी मित्रच खाल्लं की!"

पुढं मासेवाल्या दुकानदारानं उलगडा केला. पांढरं ते स्पंज, टाकी चांगली असल्याची खूण. मी सासऱ्यांना तसं सांगितलं.

"म्हंजी मावा न्हाय न्हवं? मग भाकरी वाढ, पोरी."

सगळं झकास झालं, फक्त मासे आता त्या अळ्यांशिवाय दुसरं काही खात नाहीत. आणि सासऱ्यांच्या रानातला मावा मित्रकिड्यांनी संपवला, मग खायला काही न उरल्यानं ते किडेही गेले. मावा असेल तिथंच अळ्या मिळणार, म्हणून दर रविवारी मी कागलात परक्यांच्या बांधावर जाऊन विचारतो, "पावणं, तुमच्यात मावा हाय का?"

परवा एक म्हातारा खुशीत म्हणाला, "न्हाय वो, गेला की समदा!" आणि माझं तोंड पडलं. ते त्यानं बघितलं.

पावण्याला चहा न पाजता वाटेला लावणारा कागलात मला भेटलेला तो पहिलाच माणूस.