नानासाहेबांचा तिसरा पुकारा

आमच्या शेजारच्या घरात जेवायला हाक मारत नसत, पुकारा करत. नानासाहेब रिटायर्ड सबजज्ज. धुळ्याच्या कोर्टातून निघाले ते आपला जुना पट्टेवाला भिका याला बरोबर घेऊनच. दुपारी बारा वाजले की भिका छातीवर लाल पट्टा लावून ओसरीवर उभा राहायचा आणि गल्ली दणाणून सोडायचा, "अक्कासाहेब हजर हैऽऽ!" अक्कासाहेब म्हणजे नानांच्या पत्नी. त्या असायच्या पाच हातांवर, चुलीपाशी!

पुकारे तीन. तिसऱ्यालाही माणूस पाटावर नसला की नाना म्हणायचे, "गैरहजर. काम निकाली." ताट उचललं जायचं. पुढे अपील नाही. एकदा अक्कांचंच ताट उचललं, का तर त्या तूप आणायला आत गेल्या होत्या. मी चौथी शिकलेली बाई, मला कायद्यातलं काय कळणार! पण तूप आणायला गेलेली बाई गैरहजर कशी, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

रविवारी वरण-बट्टीला वकीलमंडळी असत. नाना काहीही बोलले की सगळे एका सुरात, "अगदी न्याय्य, नानासाहेब!" भरीत तिखट झालंय म्हटलं तरी न्याय्य. सुटलेल्या पोटाचे दामूअण्णा वकील तिसऱ्या पुकाऱ्याला धोतर सावरत असे धावायचे, की अशिलासाठी जन्मात धावले नसतील.

बेचाळीस साली नानांचा एकुलता एक शरद चळवळीत उतरला. नानांनी ओसरीवरच सुनावलं, "मी सरकारचं मीठ खाल्लंय. या घरात हे चालायचं नाही." पोरगा तसाच निघून गेला, भूमिगत झाला. मागोमाग पोलीस येऊन माळा उपसून गेले. आणि काय सांगू, पुढच्या रविवारी गावातल्या झाडून सगळ्या वकिलांना एकदम ताप आला! उरलेल्या बट्ट्या आम्ही दोन दिवस खात होतो.

महिन्याभरानं दामूअण्णा उगवले, तेही मागच्या दारानं. मी अक्कांबरोबर पापड लाटत होते. अण्णांनी कागद पुढे केला. शरदशी माझा काही संबंध उरलेला नाही, असा मजकूर.

"एवढी सही टाका, नानासाहेब. तुमची पेन्शन शाबूत, आणि आम्हालाही यायला मोकळं."

अक्कांचं लाटणं थांबलं.

नानांनी चष्मा लावून कागद वाचला, लाल पेन्सिलीनं त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि परत दिला. "मसुदा चांगला आहे. पण हे काम अजून निकाली निघालेलं नाही."

"म्हणजे?"

तेवढ्यात बारा वाजले. पानं मांडली गेली, तीन. नाना बसले, अक्का बसल्या. तिसरा पाट रिकामा.

"शरदभाऊ हजर हैऽऽ!" एकदा. दोनदा. दामूअण्णा मान वाकडी करून तिसऱ्याची वाट बघत उभे.

भिका रोजच्यासारखा दारात आला, सगळे आले, शरदभाऊ तेवढा नाही, हे आपल्या अहिराणीत सांगायला. "नाना, बठ्ठा उनात. शरदभाऊ नही उना. तिसरा पुकारा करू का?"

"नको. उद्याची तारीख दे."

दामूअण्णांनी कागदाची घडी घातली आणि आले तसे मागच्या दारानं गेले. नानांचा हात घासावरच थांबला होता. त्या रिकाम्या पाटाकडे न बघता ते म्हणाले, "भिका, उद्यापासून दुसरा पुकारा जरा मोठ्यानं कर. लांब असेल तो."