हळदीचा प्लग, कुंकवाचा प्लग

आमच्या द्राक्ष बागायतदार सोसायटीत १९८८ साली कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याचं झाकण उघडायची छाती एकट्या माझीच होती! पोस्टाने कोर्स करून रेडिओ दुरुस्ती शिकलोय मी. अर्ध्या नाशिकरोडचे रेडिओ माझ्या हातचे!

नवी हार्डडिस्क बसवायची, तर जुना पॉवर सप्लाय, म्हणजे वीज देणारा डबा, अपुरा पडत होता, म्हणून मोठा मागवला. तो जोडायला पुण्याचा इंजिनियर दसऱ्यानंतर येणार होता. पण चेअरमन वाल्मीकराव बोलून बसले होते, "खंडेनवमीच्या पूजेला मशीनने सभासदांची यादी छापून दाखवली, तर विमलाबाईंना कायम ऑपरेटर करतो. नाहीतर ती जागाच रद्द!"

विमलाबाई आमच्या टायपिस्ट. चार वर्षं तात्पुरत्या. कामानंतर बसून त्या हे यंत्र शिकल्या होत्या.

"सहादूभाऊ, मी साहेबांकडे आठ दिवस मागू का? इंजिनियर येऊ दे."

"अहो, डबा तर बदलायचाय! तुम्ही पेढे सांगा!"

"पण मशीनच्या पुस्तकात त्या प्लगांचं लिहिलंय..."

"पुस्तक राहू द्या. आणि मशीनला हात लावू नका!"

खंडेनवमीला सकाळीच मी जुना डबा काढायला घेतला. बोर्डावर जाणारे दोन प्लग, जुळ्या भावांसारखे. कुठलाही कुठेही बसतो! पण मी काय कच्चा? शिपाई गोटीरामने पूजेचं ताट मांडलं होतं. डाव्या प्लगला आणि बोर्डावरच्या त्याच्या जागेला हळदीचा ठिपका लावला, उजव्याला कुंकवाचा. मग तारांचे रंग जुळवून नव्या डब्याच्या प्लगांनाही तशाच खुणा केल्या. स्वतःवर खूश होऊन चहाला गेलो.

परत येऊन बघतो, तर चारही ठिकाणी हळद आणि कुंकू, वर अक्षता! जुन्या डब्यालासुद्धा!

"गोटीराम! हे काय केलं?"

"पूजा अर्धीच दिसली, भाऊसाहेब. एकाला नुसती हळद, एकाला नुसतं कुंकू. आसं ठेवत्यात व्हय? मी पुरी केली. मशीनच्या पोटातली पूजा लय चांगली असती!"

तेवढ्यात दारात जीप थांबली. वाल्मीकराव! विमलाबाईंकडून पुस्तक घेऊन प्लग नीट जुळवायला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मी घेतली नाहीत. आजही त्याचंच वाईट वाटतं. अंदाजाने प्लग दाबले, झाकण लावलं, नारळ फुटला आणि बटण दाबलं.

फट्! उदबत्तीपेक्षा जास्त धूर मशीनमधून आला. बोर्ड गेला!

"वास कसला येतोय?" वाल्मीकरावांनी विचारलं. ते प्रसाद न घेताच निघून गेले.

विमलाबाईंनी पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. त्या ओळीखाली त्यांनी आधीच रेघ मारून ठेवली होती. "दोन्ही प्लगांच्या काळ्या तारा मध्ये, शेजारीशेजारी. एवढंच सांगत होते, भाऊ."

मी चेअरमनसाहेबांकडे जाऊन चूक कबूल केली, हात जोडले. काही उपयोग झाला नाही. दसऱ्यानंतर ऑपरेटरची जागा रद्द झाल्याचं पत्र निघालं. आमच्याकडे टायपिस्ट एकच, त्यामुळे ते विमलाबाईंनीच टाइप केलं. एकही चूक नव्हती.

सगळ्या स्टाफची पोच घ्यायची होती, म्हणून त्यांनी एक प्रत माझ्या टेबलावर ठेवली.

"सहादूभाऊ, सही इथं, खाली डावीकडे," त्या म्हणाल्या. "पेन्सिलीने फुली मारलीय. गोटीराम यायच्या आत करा."