गुरप्पाचा वीस फुटी पाइप

उजनीच्या पाण्याकाठी आपल्याएवढ्या सफाईनं गाडी वळवणारा दुसरा माणूस नाही, असं गुरप्पाचं ठाम मत होतं. मोटारपंपाचा वीस फुटी पाइप मोटरसायकलला लांबीनं बांधायचा आणि सोलापूरच्या सात रस्ता चौकातून थेट गावी न्यायचा. तीस वर्षांत कुणाच्या सदऱ्यालाही टोक लागलं नव्हतं!

त्याची लेक भुवनेश्वरी तिथंच चौकातल्या एका ऑफिसात मोबाइलवरचे खेळ बनवायची. तिनं बापाच्या नावानंच खेळ रचला: चौकातून पाइप न्यायचा, कुणाला धक्का लागला की खेळ संपला. गुरप्पानं गावभर सांगून ठेवलं होतं. खेळ सोमवारी सगळ्यांच्या हाती पडणार, म्हणून तो आधी स्वतः बघायला आला.

पडद्यावरचा गुरप्पा सरळ आला तोवर ठीक. वळला मात्र, आणि चहाचा गाडा, दोन म्हशी आणि ट्रॅफिकचा हवालदार पाचोळ्यासारखे उडाले. पाइप त्यांच्यापासून हातभर लांब होता.

“गावात तोंड कसं दाखवू गं मी?”

भुवनेश्वरीनं समजावलं. कंप्युटरला घाई असते. तो पाइप बघतच नाही. पाइप मावेल असं चौकोनी खोकं धरतो आणि ते कुणाला टेकलं का, एवढंच बघतो. पाइप सरळ असला की खोकं चिंचोळं, तिरका झाला की गोठ्याएवढं.

“मग खोकं टेकलं तरच पाइप बघ म्हनावं. आमचं कुत्रं कुनावर बी भुंकतंय. मी उठून बघतो, मगच काठी उचलतो की.”

लेकीनं लगेच कीबोर्ड पुढं ओढला. दुपारपर्यंत तिनं तसं करूनही टाकलं. गुरप्पानं ऐटीत गाडी वळवली. या खेपेला पाइपाच्या मागच्या टोकानं हवालदाराला खरोखरच आडवं केलं.

“ह्यो बाजूला का व्हत न्हाय?”

“त्याला मी शिकवलंच नाही, आप्पा.”

“खऱ्या हवालदाराला कुनी शिकवलंय?”

फुरंगटून तो खाली उतरला. नवा पाइप गाडीला बांधलेलाच होता. गाडीचा आरसा कायम मिशीकडे वळवलेला असे. आज चौकात वळताना त्यानं तो पहिल्यांदाच मागं फिरवला.

चहावाल्यानं गाडा दुकानाच्या पायरीवर चढवला होता. दोन रिक्षा फुटपाथवर होत्या. हवालदार खांबाला बिलगून निवांत चहा पीत होता. सगळं तीस वर्षांच्या सवयीनं चाललेलं.

चौक ओलांडून गुरप्पानं लेकीला फोन लावला.

“भुवे, त्ये पयलं मोटं खोकंच बरूबर हुतं. त्येच ऱ्हाऊ दे.”

“बरं. आणखी काही?”

गुरप्पानं आरसा पुन्हा मिशीकडे वळवला.

“खेळाला नाव तेवढं शेजारच्या चनबसप्पाचं दे.”