आगगाडीच्या डबीतले तात्या

लीड्सच्या एका सभ्य वस्तीत राहणारे भूलतज्ज्ञ डॉ. साकेत आठल्ये यांनी शनिवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, कोणाचाही दबाव नसताना आणि पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या लग्नाची डीव्हीडी म्हाताऱ्या शीपडॉगांना दान केली.

यात कुत्र्यांचा काही दोष नव्हता. दोष होता मराठी घरातल्या डब्यांचा. डब्यावर जे लिहिलंय ते डब्यात नसायचं, हा आपला नियम सातासमुद्रापार गेला तरी मोडत नाही. आठल्यांच्या फ्रीजरमधल्या आइसक्रीमच्या डब्यात खवलेला नारळ असतो आणि शॉर्टब्रेडच्या डब्यात सुया-दोरे. लग्नाच्या डीव्हीडीची मूळ डबी वीस वर्षांपूर्वी हीथ्रोवरच फुटली, तेव्हा साकेतने ती तबकडी 'यॉर्कशायरच्या वाफेच्या आगगाड्या, भाग दोन' या डबीत ठेवली. डबीतल्या आगगाड्या कुठे गेल्या ते विचारू नका.

साकेतला चॅरिटी शॉपचा, म्हणजे दानात आलेल्या जुन्या वस्तू विकून म्हाताऱ्या शीपडॉगांना पोसणाऱ्या दुकानाचा, नाद होता. दर शनिवारी तो पिशवी घेऊन निघे आणि कोणीतरी टाकलेली पुस्तकं, कोणीतरी कंटाळून दिलेल्या डीव्हीडी घरी आणी. शेवटी जिन्यावर चालायला जागा उरली नाही, तेव्हा त्याच्या बायकोने, वैजयंतीने, कायदा केला: एक आत, दोन बाहेर. त्या शनिवारी दुकानात दीपगृहांच्या इतिहासाचे तीन खंड दिसले. साकेतने सहा डब्या उचलल्या, न उघडता दिल्या आणि गिफ्ट एडच्या, म्हणजे दानावरच्या करसवलतीच्या, फॉर्मवर ऐटीत सही ठोकली.

रविवारी वैजयंतीने विचारलं, "साकेत, ती आगगाडीची डबी कुठेय?"

"कुठली?"

"ज्यात तात्या आहेत ती."

तात्या म्हणजे वैजयंतीचे वडील. इचलकरंजीला सायकलचं दुकान होतं त्यांचं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. फोटो ढीगभर होते, पण चालते-बोलते तात्या जगात एकाच ठिकाणी होते. येत्या शनिवारी लग्नाला वीस वर्षं होणार, मराठी मंडळातली चौदा कुटुंबं जेवायला येणार आणि सगळ्यांना ती फिल्म दाखवायची, असा बेत. कॉपी? कॉपी वीस वर्षं 'या वीकेंडला नक्की' काढायची होती.

"असेल की वर," साकेत म्हणाला.

सोमवारी तो दुकानात धावला. मॅनेजर मिसेस अ‍ॅकरॉइड चाळीस वर्षं कौन्सिलच्या पार्किंग खात्यात नोकरी करून आता समाजसेवा करत होत्या. सेवा बदलली होती, बाई त्याच होत्या.

"सापडली," त्या म्हणाल्या. "पण ती विक्रीला नाही. डबीवर आगगाडी, आत घोडा."

"त्या घोड्यावर मीच आहे!"

"असाल. पण वयोगटाचं प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही म्हणजे विक्री नाही, आणि विक्री नाही ते शुक्रवारी नष्ट होतं."

"मग मला परत द्या ना, प्लीज."

"कसं देणार? तुम्ही सही केलीत. ती आता कुत्र्यांची मालमत्ता आहे."

"कुत्रे ती बघणार आहेत का?"

"तो त्यांचा खासगी प्रश्न आहे," मिसेस अ‍ॅकरॉइड म्हणाल्या. "वयोगट ठरवायला आमच्या डोरीनने पूर्ण बघितली. दोनदा. तिच्या मते बारा वर्षांवरील. उघडा जाळ आहे, जमाव दोन निःशस्त्र माणसांवर तांदूळ फेकतो आणि शेवटी एका रडणाऱ्या तरुणीला गाडीत बसवून नेतात."

"ती माझी बायको! मी नवरदेव!"

मिसेस अ‍ॅकरॉइडनी त्याच्याकडे डोक्यापासून पाहायला सुरुवात केली आणि तिथेच थांबल्या. "त्याला केस आहेत."

साकेतने ड्रायव्हिंग लायसन्स काढलं. त्यातही नव्हते.

उपाय एकच होता: नमुना सात, मालकी पडताळणी. चित्रफितीवर आधारित तीन प्रश्न. खऱ्या मालकाला उत्तरं येणारच, असं संस्थेचं धोरण म्हणत होतं. धोरण लिहिणारा अविवाहित असावा.

"प्रश्न एक. पहिल्या तासात रुसून कोण बसतं?"

"माझे काका." साकेतला आठवत काहीच नव्हतं, पण काका रुसले नाहीत असं लग्न त्याने पाहिलं नव्हतं. उत्तर बरोबर निघालं.

"दोन. नवरदेव जेवताना कोणता पदार्थ तीनदा मागून घेतात?"

"जिलबी?"

"चूक. पांढरं, पातळ, जगमधून ओतलेलं."

"अरे देवा, मठ्ठा!"

"वेळ संपली. तीन. सगळे गेल्यावर काळ्या टोपीवाले वृद्ध गृहस्थ कॅमेऱ्याकडे बघून काय म्हणतात?"

"सगळे गेल्यावर? त्यानंतरही काही आहे?"

मिसेस अ‍ॅकरॉइडनी पेन खाली ठेवलं. "तीन तास एक्केचाळीस मिनिटांना. डॉक्टर, तुम्ही ही बघितलीये ना?"

साकेतने हजारो पेशंटना गुंगी दिली होती. पण स्वतःच्या लग्नाची फिल्म लावली की अकराव्या मिनिटाला त्याचाच डोळा लागायचा. अर्ज नामंजूर झाला. अपील फक्त चित्रफितीतल्या दुसऱ्या पक्षाला करता येणार होतं.

म्हणजे दुसऱ्या पक्षाला सांगणं आलं. दोन दिवस धीर गोळा करून त्याने बुधवारी रात्रीच्या जेवणात सांगितलं. वैजयंतीच्या हातातली पोळी हातातच राहिली.

"माझ्या बापाला तू कुत्र्यांना दिलंस?"

गुरुवारी ती काउंटरसमोर उभी राहिली, तेव्हा साकेत तिच्या मागे, शक्य तितका बारीक होऊन उभा होता.

"माझं लग्न आहे. मला तोंडपाठ आहे," ती म्हणाली. "विचारा."

तिने काका सांगितले, मठ्ठा सांगितला. मिसेस अ‍ॅकरॉइडनी तिसरा प्रश्न वाचला.

"मी... मी तेव्हा गाडीत होते ना."

"नंतर बघितली असेल."

सहा वेळा लावली होती. कधी फोन आला, कधी दूध उतू गेलं. तात्या गेल्यावर तर लावायची हिंमतच झाली नाही. ती एवढं परक्या बाईला कशी सांगणार? तिचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तेव्हा कपड्यांच्या ढिगामागून डोरीन पहिल्यांदाच बोलली. "बघून उत्तर देऊ नये, असं फॉर्ममध्ये कुठे लिहिलंय?"

मिसेस अ‍ॅकरॉइडनी फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला. खरंच लिहिलेलं नव्हतं.

मागच्या खोलीत, इस्त्री आणि टेडी बेअरांच्या मधल्या टीव्हीवर रिकामा हॉल दिसू लागला. पंखे फिरत होते. तात्या एकटेच खुर्च्या एकावर एक रचत होते. मध्येच त्यांचं लक्ष गेलं. टोपी सारखी करून ते कॅमेऱ्याला म्हणाले, "अहो, बंद करा आता ते. लाइट कशाला जाळताय? एवढं शेवटपर्यंत कोण बघणार आहे?" आणि जरासे हसले.

वैजयंती खो खो हसली, आणि हसता हसता हमसून रडली. साकेतने रुमाल पुढे केला. तिने तो घेतला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

"काय म्हणाले?" मिसेस अ‍ॅकरॉइड पेन घेऊन तयार होत्या. "डोरीनला आठवडाभर झोप नाहीये."

वैजयंतीने इंग्रजीत सांगितलं. मिसेस अ‍ॅकरॉइडनी ते मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आणि चष्मा पुसला.

"आम्ही बघितलं म्हणावं त्यांना," त्या म्हणाल्या, आणि अपील मंजूर असा शिक्का मारला.

शनिवारी त्या दोघींनाही जेवायला बोलावलं. फिल्म सुरू झाली. अकराव्या मिनिटाला कोणीतरी म्हणालं, "नंतर बघू या का निवांत? पुऱ्या गार होतील." मग कोणाचं घर कोणत्या शाळेच्या हद्दीत येतं हा विषय निघाला, आणि तो निघाला की आवरत नाही. फिल्म तशीच चालू राहिली. साकेत किचनमध्ये उरलेलं श्रीखंड आइसक्रीमच्या डब्यात भरत होता. तात्यांनी आपला प्रश्न विचारला, तेव्हा सोफ्यावर तिघीच होत्या: वैजयंती, डोरीन आणि मिसेस अ‍ॅकरॉइड.

बाकीचे आपण सगळे मठ्ठ्याच्या रांगेत होतो. तुम्ही तर माझ्या पुढेच होतात.