खडीवरचे आठ अपघात

वर्ना टोलेफसन बाईंनी या खेपेला काही म्हणजे काही नशिबावर सोडलं नव्हतं! मिनेसोटातल्या त्या एकाच शाळेत सव्वीस वर्षं सातवीला इंग्रजी शिकवल्यावर माणसाला एवढं कळतंच, की तपासणीच्या दिवशी नशीब रजेवर असतं. फळ्यावर आजचा उद्देश लिहून झाला होता : 'निसर्गाचं बारकाईने निरीक्षण करून आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडणे.' मांडीवर धरून लिहायला अठ्ठावीस पुठ्ठे मोजून ठेवले होते. पेन्सिलींना अशी टोकं काढली होती, की विमानतळावर जप्त व्हाव्यात.

एवढ्या जय्यत तयारीला कारण होतं. दर शुक्रवारी बाई वर्ग उचलून बाहेर नेत आणि मुलं गवतात बसून लिहीत. पण गेल्या वाचन-चाचणीत शाळेचे गुण घसरले, आणि मुलं मुंग्या बघत बसतात म्हणूनच हे झालं, असा जिल्हा कार्यालयाला साक्षात्कार झाला. आज तिथल्या ग्रुंडहोफर मॅडम तास बघायला येणार होत्या. पटला तर शुक्रवारचा तास राहणार. नाही पटला, तर पुढच्या वर्षीपासून त्या वेळात खिडक्या बंद करून चाचणीचा सराव!

"बाई, अजिबात काळजी करू नका," मुख्याध्यापक केसलर सर म्हणाले. सर असं म्हणाले, की शहाण्या माणसाने ताबडतोब काळजीला लागावं.

ग्रुंडहोफर मॅडम आल्या त्या घडीची खुर्ची काखेत मारूनच. पहाटेच्या पावसाने मैदानाचा गिच्च लगदा झाला होता. पण बाईंच्या यादीत पावसाचीही सोय होती. "गाड्या लावायच्या जागेपलीकडे खडी टाकली आहे ना, ती कोरडी आहे. चला बाळांनो!"

एकही बाळ हललं नाही.

"तिथे नको, बाई," ऑगी म्हणाला.

"का रे?"

"तिथे... तिथे प्रेरणा येत नाही."

बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो पुढे चालायला लागला. खडीवर दहा पावलं गेला असेल नसेल, तोच धपकन खाली! "माझा घोटा! मेलो!"

मॅडमनी वही उघडून वेळ टिपली. एवढ्यात सिग्नेने पोट धरलं. मग कुणाचा गुडघा, कुणाची कंबर. एकीला मधमाशी चावली, ती कानाला की कोपराला हे तिचं तिलाच ठरवता येईना. एक एक जण लंगडत, कण्हत, उलट्या दिशेला, म्हणजे थेट व्यायामशाळेकडे निघाला. रणांगणावरून सैन्य परतावं तसं!

"वर्गात काही साथ वगैरे आहे का?" मॅडमनी विचारलं.

"छे, छे! मुलं जरा भावनाप्रधान आहेत," बाई म्हणाल्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीची अब्रू त्या खडीवर लोळत होती.

पान्या वांग ही वर्गातली सगळ्यात शांत मुलगी. तीही आता डोळा धरून उभी होती. बाईंनी तिला बखोटीला धरून बाजूला ओढलं. "अगं, काय चाललंय हे? हा तास गेला तर परत मिळायचा नाही, कळतंय का तुला?"

पान्याने डोळ्यावरचा हात काढला. डोळा चांगला टणटणीत होता. "बाई, हळू बोला. आणि खाली बघा. नाही, तिथे नाही. तुमच्या बुटाच्या डावीकडे."

बाईंनी पाहिलं. खडीच होती. मग परत पाहिलं. त्या खडीतले चार खडे अंडी होते! करडे, काळ्या ठिपक्यांचे, टोकं आत करून मांडलेले. आणि पलीकडे टिटवीच्या जातीचं एक पाखरू पंख फरफटवत, एका अंगावर कोलमडत, केविलवाणं ओरडत चाललं होतं.

"तिला काही झालेलं नाही," पान्या म्हणाली. "कुणी जवळ आलं की ती मोडल्याचं सोंग करते. माणूस तिच्या मागे जातो आणि अंडी राहतात. आम्ही तीन शुक्रवार बघतोय. ऑगीने तिचंच उचललंय, पण त्याला पंखांचं जमत नाही."

"अगं, मग मला का नाही सांगितलंत? आपण सरांना पत्रं लिहिली असती!"

"मागच्या महिन्यात रानहंसांच्या घरट्यासाठी लिहिली होती की. अठ्ठावीस. तुम्हीच म्हणालात, ठिकाणाचं नेमकं वर्णन करा. आम्ही केलं. दुसऱ्या दिवशी सरांनी धाडलेला माणूस आला आणि अंडी घेऊन गेला. पत्रं लिहिली नसती, तर त्यांना घरटं सापडलंच नसतं, बाई."

त्या पत्रांना बाईंनी भरभरून गुण दिले होते. समासात लाल शाईने 'फारच परिणामकारक!' असंही लिहिलं होतं. परिणाम कुणावर झाला, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं. सव्वीस वर्षं आपण मुलांना बोलायला शिकवलं, गप्प कधी राहायचं ते शिकवलंच नाही, असं त्यांच्या मनात आलं. पण मनात आलेल्या गोष्टीजवळ बसायला वेळ नव्हता. कारण ग्रुंडहोफर मॅडमना बसायचं होतं.

"मी आपली इथे बसते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची उलगडली. खुर्चीचा मागचा पाय अंड्यांपासून वीतभर!

आता खरं सांगितलं, तर याहून उत्तम तास जिल्ह्यात कुणी पाहिला नसता. निरीक्षण, पुरावा, उद्देश, सगळं जिवंत समोर! फक्त बोट दाखवायचं होतं. बाईंनी तोंड उघडलं. पान्या त्यांच्याकडे बघत होती.

"आई गं!" असं ओरडून एकोणसाठ वर्षांच्या टोलेफसन बाईंनी खडीवर अंग टाकून दिलं.

मॅडम खुर्ची टाकून धावल्या. केसलर सर चाकांची खुर्ची ढकलत आले. तास अकराव्या मिनिटाला संपला. निघताना मॅडमनी त्या पाखराकडे एकवार पाहिलं आणि वहीत लिहिलं : 'जागा धोकादायक. पक्षीही पडतात.'

शाळेत कुणी नुसतं शिंकलं तरी अपघाताचा अर्ज भरावा लागतो. सात मुलांनी आणि बाईंनी तो त्याच दुपारी भरला. 'घडलेला प्रकार स्वतःच्या शब्दांत लिहा.' अर्जांवर नावांऐवजी नुसते क्रमांक घालून ते जिल्हा कार्यालयात रवाना झाले. मंगळवारी चारही पिल्लं अंड्यांतून निघाली आणि तासाभरात आपल्या पायांनी तळ्याकडे चालती झाली. तास गेलाच असं धरून बाईंनी मात्र शुक्रवारचे पुठ्ठे खोक्यात भरायला घेतले.

गुरुवारी केसलर सरांनी बोलावलं. त्यांच्या हातात ग्रुंडहोफर मॅडमचं पत्र होतं.

"बसा बाई. काळजी करू नका."

बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"मॅडम लिहितात, 'तीस वर्षांत मी हजारो अपघात-अर्ज वाचले. सगळ्यांत एकच ओळ असते, पडलो, लागलं. पण हे अर्ज! एकाने दीड पान खडीवर लिहिलंय. कुठला खडा उन्हाने तापला होता, कुठला खालून ओला होता, पडल्यावर मुंगी कुठल्या बोटावरून चढली. एका मुलीने पडता पडता वाऱ्याची दिशा टिपली आहे. बंद खोलीत वाढलेल्या मुलांना हे दिसणार नाही. शुक्रवारचा तास चालू ठेवावा.'"

बाईंना हुंदका आला. सर्दी झाल्यासारखं करून त्यांनी तो रुमालात घेतला.

"थांबा, अजून आहे," सर म्हणाले. "'फक्त आठव्या क्रमांकाचा अर्ज काळजी वाटावी इतका कच्चा आहे. पाय घसरला, पडले, दुखतंय. एवढंच! निरीक्षण शून्य, तपशील शून्य, आणि वाचून विश्वासही बसत नाही. बाईंनी या मुलीला शुक्रवारी आपल्याजवळ बसवावं आणि थोडा जास्त वेळ द्यावा.'" सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोण हो ही?"

"आहे एक," बाई म्हणाल्या. "पण ती सुधारेल असं वाटत नाही."